दिवसा न सांगायची गोष्ट

लाकडं ओली होती. गंगीनं फुंकून फुंकून डोळे लाल करून घेतले, तरी पातेल्यातली मटकी हलेना. वेवजीच्या अलीकडच्या पाड्यावर दोन खोल्यांची शाळा, शाळेमागं पत्र्याचं स्वयंपाकघर आणि त्या स्वयंपाकघरात गेली सात वर्षं गंगी. बावीस पोरांची खिचडी शिजवायची, वाढायची, भांडी घासायची आणि दुपार कलली की घरच्या गवताच्या कामाला जायचं, असा तिचा दिवस.

२०१७ च्या डिसेंबरातला तो पहिला शुक्रवार. जतीन गुरुजींना तलासरीला मीटिंगला बोलावलं होतं. जाताना ते चुलीपाशी आले आणि नेहमीप्रमाणे गंगीच्या खांद्यावरून पलीकडं बघत म्हणाले, "गंगीआजी, दुपारपर्यंत येतोच. तेवढं पोरांकडं जरा बघाल का? म्हणजे, जमलं तर."

"जा तुमी. पोरं काय पळून जातात?"

गुरुजी बोर्डीचे. घरची चिकूची वाडी, नारळ, विहिरीवर मोटर, पण माणूस सगळा पुस्तकातला. जूनपासून रोज दोन एस.टी. बदलून यायचे. चार इयत्तांना एकटेच. त्यांच्या पिशवीत डब्यापेक्षा पुस्तकं जड. शाळेत पृथ्वीचा एक गोल होता, त्याचा स्टँड मोडलेला. गुरुजींनी तो सुतळीनं वाशाला टांगला होता. गंगी त्याला निळा भोपळा म्हणायची.

पावसाळ्यात गुरुजींनी एक नवीनच काढलं होतं. शनिवारी पोरांना भोपळ्याखाली बसवायचं, एका जागेवर बोट ठेवायचं आणि तिथली जुनी गोष्ट सांगायची. पेरू नावाचा देश आहे म्हटल्यावर पोरं हसून लोळली, पण तिथल्या डोंगरातला कोल्हा आजारी आईसाठी पाठीवरून बर्फ आणतो आणि घरी पोचेपर्यंत पाठ नुसती ओली, हे ऐकताना चिडीचूप झाली. डहाणू स्टेशन न बघितलेल्या पोरांना पेरूचे डोंगर कुठल्या अंगाला आहेत हे बोट ठेवून दाखवता यायला लागलं. गंगी दाराशी तांदूळ निवडत उभी राहायची. एकच खडा दोनदा वेचायची.

आणि मग पोरांनी घरी जाऊन सांगितलं. सोमवारी पाड्यावरची म्हातारी बुधीबाई चार बायका घेऊन शाळेत आली.

"गुरुजी, तुमी पोरांना दिवसा गोष्टी सांगता?"

"हो. म्हणजे भूगोल शिकवतो."

"भूगोल सांगा. गोष्टी नका सांगू."

पाड्यावर हे सगळ्यांना ठाऊक होतं. गोष्ट दिवस मावळल्यावर सांगायची. दिवसा सांगितली तर जो ऐकतो त्याचा मामा वाट चुकतो. आणि इथं घराघरातला एकेक मामा बाहेर. कुणी भिवंडीकडं वीटभट्टीवर, कुणी वाळू वाहणाऱ्या पडावावर, कुणी वेरावळच्या बोटीवर. गुरुजींनी वाद घातला नाही. कानापर्यंत लाल होऊन म्हणाले, "मला माहीत नव्हतं. चुकलं माझं." पुस्तक पिशवीत गेलं ते गेलंच. त्यानंतर शनिवारी ते भोपळा फिरवून खंडांची नावं सांगायचे आणि पोरं भिंतीला टेकून झोपायची. एकदा त्यांनी गंगीला विचारून बघितलं, "तुम्ही सांगाल का एखादी? तुम्हाला खूप येतात म्हणतात." गंगी म्हणाली, "गुरुजी, तुमाला ठावं नव्हतं. माना ठावं हाय. मी कशी सांगू?"

तर तो शुक्रवार. साडेबारा झाले, गुरुजींचा पत्ता नाही, मटकी कच्ची. पहिलीतली पोरं रडायला लागली. मोठ्यांनी भोपळ्याला काठीनं ढोसायला सुरुवात केली. गंगीची नात शितल, सहा वर्षांची, आजीच्या लुगड्याचा पदर ओढत म्हणाली, "आजी, भूक."

गंगी उठली. गुडघे कुरकुरले. दारात बसून तिनं सगळ्यांना जवळ ओढलं आणि तोंडातून निघून गेलं, "एक होता खेकडा."

पोरं गप्प झाली. गप्प झाली म्हणून ती पुढं बोलत गेली. "वैशाखाचा महिना. ऊन असं, का दगडाला फोड यावा. खेकड्याची पाठ भाजली. तो म्हणाला, ह्या सूर्याचं तोंड नाय बघायचं. आणि लागला खणायला. एक हात खणलं, ऊन. दोन हात खणलं, गरम. मुळं लागली, मुळांना म्हणाला सरका. दगड लागला, दगडाला म्हणाला सरक. खणतोय, खणतोय..."

"आजी," शितल म्हणाली, "आता दिवस हाय ना?"

गंगीचं तोंड उघडंच राहिलं. बाहेर ऊन लख्ख पडलं होतं. तिनं पोरांकडं बघितलं, पोरांनी तिच्याकडं.

"घरी कुणी बोलायचं नाय," ती म्हणाली. "मटकी शिजली बघ, ताटल्या घ्या."

मटकी शिजली नव्हती. पोरांनी दाताखाली करकर वाजवत खाल्ली.

*

सोमवारी आभाळ भरून आलं. डिसेंबरात असं आभाळ कुणी बघितलं नव्हतं. दुपारी वारा सुटला, संध्याकाळी पाऊस. मंगळवारचा दिवसभर पाऊस. गंगीच्या नवऱ्यानं, लडक्यानं, महिनाभर कापलेलं गवत माळावर पडून होतं. पेंढ्या बांधून रचायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. तो कांबळं घेऊन ओसरीच्या खांबाला टेकला आणि बघत राहिला.

"बरं झालं," तो म्हणाला. "आता पावसाळ्यात सुकवू."

कुणी हसलं नाही. सून संगीता हातात फोन धरून अंगणाच्या कडेला, जिथं रेंज येते त्या आंब्याखाली, डोक्यावर गोणपाट घेऊन उभी होती. तिचा धाकटा भाऊ, शितलचा मामा, मिथुन वेरावळच्या एका बोटीवर खलाशी. बोट गेल्या आठवड्यात निघालेली. वादळाचं रेडिओवर सांगितलं, बोटी परत फिरल्या, उंबरगावला काही लागल्या. मिथुनची लागली नव्हती. फोन लावला की आतली बाई गुजरातीत काहीतरी सांगायची आणि बंद करायची.

"काय म्हणते ती?" गंगीनं विचारलं.

"फोन बंद हाय म्हणते. दर वेळी तेच म्हणते, आय. दुसरं काय म्हणेल?"

शितल आजीकडं बघत होती. काही बोलली नाही. बोलायचं नाही असं आजीनंच सांगितलं होतं.

बुधवारी ऊन पडलं. गवत उलटायला सगळं घर माळावर गेलं. वरची पेंढी उचलली की खालून वाफ यायची आणि कुजका वास. जिथं सोनेरी होतं तिथं काळे डाग धरले होते. काळं गवत विकायला नेलं तर वखारीवाला हातात घेऊन हुंगतो आणि तुमच्याच पायाशी टाकतो. लडक्या वाकून वाकून चांगलं निवडत होता. संगीता दहा पेंढ्या उलटायची आणि पदराला पुसून फोन लावायची. तिच्या हाताला कुसळं टोचून रक्त आलं होतं, तिचं तिकडं लक्ष नव्हतं. तिचा नवरा, म्हणजे गंगीचा मुलगा नविन, उंबरगावच्या कंपनीतून सुट्टी टाकून बंदरावर चौकशीला गेला होता. तिथंही कुणाला काही माहीत नव्हतं.

गंगी कामाला हळू नव्हती, पण त्या दिवशी तिच्या हातून पेंढी सुटत राहिली.

गुरुवारी बुधीबाई बायकांना घेऊन पुन्हा शाळेत आली. ह्या वेळी आठ-दहा जणी. गुरुजी फळ्यावर वजाबाकी लिहीत होते.

"गुरुजी, तुमी परत गोष्ट सांगितली."

"नाही हो. तुम्ही सांगितल्यापासून एकही नाही."

"मंग मिथुन कुठं हाय? काकड्याच्या भट्टीवरच्या पोराचा फोन पण दोन दिवस लागला नाय. कुणीतरी सांगितल्याबिगर होतं का असं?"

"मी खरंच..." गुरुजी म्हणाले आणि थांबले. खडू हातात तसाच. पोरं खाली बघत बसली होती. एकही पोरगं बोललं नाही, आणि ते का बोलत नाहीत हे चुलीपाशी पळी धरून उभ्या असलेल्या गंगीला पक्कं ठाऊक होतं.

"पुस्तकं घरी ठेवून या," बुधीबाई म्हणाली. "तुमच्या पिशवीतच खोट हाय. आनं तो भोपळा पण खाली काढा. उद्यापासून पोरं येणार नाय, भोपळा टांगलेला असंल तर."

गुरुजींनी स्टुलावर चढून सुतळी सोडली. गोल हातात घेऊन उतरताना त्यांचा पाय सटकला, गोल भिंतीवर आपटला आणि त्याला पोचा पडला. एक बाई हसली. गुरुजी पण हसले, म्हणजे हसल्यासारखं केलं, आणि गोल स्वयंपाकघरात तांदळाच्या पिंपावर आणून ठेवला. गंगीच्या इतक्या जवळ उभे होते की तिला त्यांचा श्वास ऐकू आला.

"इथं ठेवतो, आजी. चालेल ना?"

गंगीनं मान हलवली. खिचडी खाली लागली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या हातची खिचडी करपली, आणि पोरांनी तीही खाल्ली.

*

त्याच दिवशी उन्हं कलताना माळावर दोघीच होत्या, गंगी आणि संगीता. गंगीनं विळा खाली ठेवला.

"संगीते, गुरुजींनी नाय सांगितली. मी सांगितली."

संगीता उलटत होती ती पेंढी तिच्या हातात तशीच राहिली.

"पोरं रडत होती. मटकी शिजत नव्हती. तोंडातून निघून गेलं. शितल पण होती तिथं."

शिव्या देईल, रडेल, माहेरी जाईल, गंगीनं सगळं मनात धरून ठेवलं होतं. संगीतानं पेंढी पालथी घातली, पुढची उचलली, ती पालथी घातली. ओळ संपल्यावर म्हणाली, "कुठली?"

"खेकड्याची."

"पुरी सांगितलीस?"

"नाय. मध्येच सोडली. खेकडा खणत होता तिथं."

संगीता वळली. तिचा चेहरा उन्हात रापलेला, डोळ्यांखाली काळं. "म्हणजे तो आत हाय अजून," ती म्हणाली. "आय, तू एवढी म्हातारी झालीस आनं अर्धी गोष्ट टाकून येतेस? चल घरी. पोरांना बोलावते."

दिवस मावळला आणि पहिला दिवा लागला तेव्हा अंगणात पोरं जमली होती. मागं त्यांच्या आया. बुधीबाई काठी टेकत आली आणि तिला सगळं कळलं तेव्हा गंगीकडं नुसतं बघून म्हणाली, "तू? तू गे?" आणि गंगीपासून बाजूला सरकून बसली, जणू गंगीला ताप आलाय. गंगीनं ते सोसलं. मग ती बोलायला लागली.

"तर खेकडा खणत होता. मुळं सरकली, दगड सरकला. खाली पाणी लागलं, पाण्याला म्हणाला वाट दे. अंधारात त्याला कळंना, वर चाललोय का खाली. थकला. नांग्या झिजल्या. तवा त्याला डोक्यावर गार वारा लागला. शेवटचा एक दगड सरकवला आनं डोकं बाहेर काढलं. बघतो तर काय, रात्र. चांदणं पडलेलं, शेकोटी पेटलेली आणि माणसं बसून गोष्ट सांगतात. एक म्हातारी म्हणाली, ये रे बाबा, दमला असशील, बस. तो बसला. तिथंच हाय अजून."

संगीता उठून आत गेली आणि भाकरी थापायला लागली. थापण्याचा आवाज नेहमीसारखा होता, एवढंच गंगीनं ऐकलं.

शनिवारी सकाळी आंब्याखाली फोन वाजला. अनोळखी नंबर. संगीतानं घेतला आणि खालीच बसली.

मिथुन देवगडहून बोलत होता. इंजिन बंद पडलं, वाऱ्यानं बोट दक्षिणेला ढकलली, बोट हाकणाऱ्या तांडेलाला दोन दिवस दिशाच लागली नाही, फोन भिजला. मग कुणाच्या तरी बोटीनं ओढून देवगडला आणलं. तिथल्या लोकांनी कोरडे कपडे दिले, भात घातला, एक म्हातारी सारखी येऊन विचारते जेवलास का.

"वाट चुकलो होतो, ताई," तो म्हणाला. फोन स्पीकरवर होता, सगळ्या पाड्यानं ऐकलं.

"बघा," बुधीबाई म्हणाली. "मी काय म्हणत होते?"

लडक्या गवताच्या गंजीवरून उतरत म्हणाला, "चुकला तर चुकला. सापडला ना? सापडला ते पण गोष्टीनंच म्हण मंग."

*

गंगी त्याच सकाळी शाळेत गेली ती सरळ गुरुजींच्या पुढ्यात उभी राहिली. माफी कशी मागतात हे तिला येत नव्हतं. "माझ्यामुळं तुमचा भोपळा मोडला," एवढंच ती म्हणाली आणि मग सगळं सांगितलं. गुरुजींनी चष्मा काढून पुसला, घातला, परत काढला.

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. "मला वाटायला लागलं होतं की मीच कधीतरी बोललो असेन." मग जरा घुटमळून, "ती खेकड्याची गोष्ट... मला सांगाल?"

"गुरुजी, दिवस हाय."

"हो, हो. राहू दे."

"तुमचा मामा असंल की."

"आहे. मुंबईला असतो."

"मंग," गंगी म्हणाली. पण तिला वाईट वाटलं. "शेवट सांगते. शेवट म्हणजे काय गोष्ट नाय. खेकडा खणत खणत पलीकडं निघतो. हितं दिवस असतो, आनं तिथं रात्र."

गुरुजी तिच्याकडं सरळ बघायला लागले. सात महिन्यांत पहिल्यांदा.

"ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली?"

"आईनं. तिला तिच्या आईनं."

गुरुजी स्वयंपाकघरात गेले आणि पिंपावरचा गोल उचलून आणला. चूल पेटली होती, पत्र्याच्या खोलीत बाकी अंधार. त्यांनी गोल चुलीच्या तोंडाशी धरला. एक बाजू लाल झाली. दुसरी काळी.

"ही आग म्हणजे सूर्य," ते म्हणाले. "इकडं आपण, दिवस. आणि मागं..."

गंगीनं गोलाच्या मागं हात नेला. ती बाजू गार होती. तव्यावरच्या भाकरीचं वरचं अंग जसं उशिरा तापतं तसं. तिनं बोटानं चाचपलं, पोचा तिथंच पडला होता.

"हे कुठलं गाव?"

"अमेरिका. आणि हा खाली पेरू."

"तो कोल्ह्याचा?"

"तोच."

गंगीच्या मागं पोरं येऊन दाटीनं उभी राहिली होती. खिचडी उतू जात होती आणि कुणी बघत नव्हतं. गंगीनं बोट पोच्यावरून काढलं नाही.

"मंग तिथं आता रात्र असंल," ती सावकाश म्हणाली, "तर तिथली गोष्ट आता सांगितली, म्हणजे ती रात्रीच सांगितली का नाय?"

गुरुजी मान खाली घालून हसले. हसताना त्यांचे खांदे हलत होते.

*

पण बुधीबाईला पटवणं बाकी होतं. सोमवारी ती आली, भिंतीला काठी टेकवून मधोमध बसली. बाकी बायका दारात.

"तिथं रात्र हाय हे तुमी सांगता. तुमी गेला होता का बघायला?"

"मी नाही. पण माझी बहीण आहे तिथं, अमेरिकेत. दिशा."

"बोलवा."

गुरुजींनी घड्याळ बघितलं. साडेअकरा. "आता तिथं एक वाजला असेल. झोपली असेल हो."

"झोपली असंल तरच तर कळंल."

गुरुजींनी घाबरत घाबरत व्हिडिओ कॉल लावला. बाहेर ओट्यावर रेंज मिळाली. फोनभोवती बायका आणि पोरं. बराच वेळ वाजल्यावर पडदा काळा झाला, मग खोलीतला दिवा लागला आणि विस्कटलेल्या केसांची एक बाई दिसली.

"दादा? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"सगळे बरे आहेत. अगं, जरा खिडकी दाखवतेस?"

"काय?"

"खिडकी. बाहेर काय दिसतं ते."

"रात्रीचा एक वाजलाय, दादा. तू खिडकी बघायला फोन केलास?" पण ती उठली. पडदा सरकवला. काळोख, एक रस्त्यावरचा दिवा आणि दिव्याखाली पांढरं काहीतरी साचलेलं. शितल ओरडली, "कोल्ह्याचा बर्फ!"

दारातल्या बायकांनी मागं वळून माळाकडं बघितलं. माळावर ऊन होतं, लडक्या उघड्या अंगानं गंजी रचत होता. मग परत फोनकडं. असं तीनदा.

बुधीबाईनं फोन हातात मागून घेतला, डोळ्याशी नेला. "बाय, तुला पोर किती?"

"एक मुलगा आहे. सहा वर्षांचा."

"झोपलाय?"

"झोपलाच असणार ना, आजी."

"झोपू दे," बुधीबाई म्हणाली आणि फोन परत दिला. उठताना गुरुजींच्या खांद्याचा आधार घेतला. "सांगा मंग. पण जिथं रात्र असंल तिथलीच. आनं भोपळा वर टांगा, पोरांची मान मोडते खाली बघून."

त्या महिन्यापासून शाळेच्या भिंतीवर कोळशानं एक वेगळंच वेळापत्रक आलं. सकाळी दहाच्या आत आफ्रिकेचा पश्चिमेचा काठ, तिथं तेव्हा उजाडायचं असतं. साडेअकराला पेरू, मेक्सिको, नाहीतर बर्फातली अलास्का. भर दुपारी जेवण, गोष्ट नाही. उद्या कुठली सांगावी ह्यावर पोरं भोपळ्याखाली भांडायची. दोननंतर जपान, कारण तिथं तोवर दिवे लागलेले असतात. एकदा गुरुजी चुकून एक वाजता जपानची सुरू करायला गेले, तर दुसरीतल्या चैत्यानं त्यांना थांबवलं. "गुरुजी, आता नको. तिकडं मावळला नाय अजून. माझा मामा भट्टीवर हाय." गुरुजींनी पुस्तक मिटलं आणि तासभर वाट बघितली.

गंगी दाराशी उभी राहून ऐकायची. तांदूळ नीट निवडले जायला लागले, कारण आता तिला चोरून ऐकायचं नव्हतं.

*

जानेवारीत मिथुन आला. रोड झाला होता, पण हसत होता. देवगडच्या म्हातारीनं दिलेले आंबोशीचे तुकडे त्यानं बहिणीच्या हातावर ठेवले. लडक्याचं अर्धं गवत काळं निघालं होतं. ते त्यानं घरच्या बैलांना घातलं आणि बाकीचं विकून टाकलं. वर्ष फार वाईट गेलं नाही.

त्या शनिवारी शाळा लवकर सुटली तरी गुरुजी गेले नाहीत. दिवसभर काहीतरी बोलायचं म्हणून घुटमळत होते. शेवटी गंगीच्या अंगणात आले तेव्हा दिवस मावळत होता.

"आजी, दिशाचा फोन होता. तिच्या मुलाला गोष्ट ऐकायचीय. तुमची. खेकड्याची. फोनवरून. म्हणजे, तुम्हाला चालत असेल तर. आता इथं संध्याकाळ झालीच आहे, त्यामुळं..."

"सांगते की. लावा."

गुरुजींनी फोन पाटावर, पाण्याच्या हंड्याला टेकवून ठेवला. पडद्यावर गोरटेला, दात पडलेला पोरगा दिसला. त्याच्या मागं खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. पुढ्यात दुधाची वाटी.

"एक होता..." गंगीनं सुरुवात केली.

"आजी, थांब," शितल म्हणाली. "त्याच्याकडं सकाळ हाय."

गंगी थांबली. संगीतानं चुलीवरून मान वर केली. मिथुन खाटेवर आडवा होता तो उठून बसला. हे कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. सांगणारीची रात्र होती, पण ऐकणाऱ्याचा दिवस होता, आणि वाट चुकतो तो ऐकणाऱ्याचा मामा.

"ह्याचा मामा कोण?" गंगीनं विचारलं.

सगळ्यांनी गुरुजींकडं बघितलं. गुरुजी अंगणाच्या कडेला, खांद्याला पिशवी लावून, एका पायात चप्पल घालून उभे होते. शेवटची एस.टी. यायची वेळ झाली होती.

"तुमी कुठं चालला?" गंगी म्हणाली.

"गाडी आहे ना, आजी. पावणेसातची. तुम्ही सांगा, फोन राहू दे इथंच, उद्या..."

"बसा हितं."

"पण गाडी..."

मिथुन उठला, गुरुजींच्या दंडाला धरून त्यांना खाटेवर आणलं आणि शेजारी खेटून बसला. "बसा गुरुजी. माना माहीत हाय ते कसं असतं." लडक्यानं गुरुजींच्या दोन्ही चपला उचलल्या आणि स्वतःच्या बुडाखाली घेऊन वर बसला. शितल त्यांच्या मांडीवर चढली आणि शर्टाचं बटण धरून ठेवलं. पडद्यावरचा पोरगा वाकून बघत होता. म्हणाला, "जतीनमामा, तू तिथं काय करतोस?"

"बसलोय," गुरुजी म्हणाले.

"हलायचं नाय," गंगी म्हणाली. "गोष्ट पुरी होईस्तोवर मामा माझ्या डोळ्यापुढं पाहिजे."

तिनं पदर सावरला, गुडघा मोकळा केला आणि सुरुवातीपासून सांगायला लागली. वैशाखाचं ऊन, भाजलेली पाठ, खणणारा खेकडा. मुळं सरकली, दगड सरकला. नाक्यावर एस.टी. आली, हॉर्न वाजला, थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. आत संगीतानं एका माणसाचं पीठ वाढवलं.

गुरुजींनी गाडीकडं वळून बघितलं नाही. खेकडा अजून जमिनीच्या आत होता आणि त्यांना त्याचं पुढं काय होतं ते ऐकायचं होतं.